परताव्याची पूररेषा

गेल्या महिन्यात एका रविवारी सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये ‘निवृत्तीचं नियोजन’ या विषयावर कार्यक्रम झाला. खुर्च्या भरल्या होत्या, पोहे झकास होते आणि आलेला सल्लागार तरुण बोलायलाही गोड होता. त्याने पडद्यावर आकडे टाकले : दरमहा दहा हजार, वीस वर्षं, बारा टक्के. बटण दाबलं. डाव्या कोपऱ्यातून एक रेघ निघाली आणि एकदाही न अडखळता उजवीकडे वर चढत गेली. शेवटी ठळक अक्षरांत रक्कम आली : ९९ लाख ९१ हजार. पहिल्या रांगेतल्या काकांनी ती डायरीत उतरवून घेतली आणि खाली दोन रेघा मारल्या.

हे काका काही भोळे नव्हेत. फ्लॅट घेताना इमारत मुठेच्या निळ्या रेषेच्या आत आहे की बाहेर, हे बघायला ते पाटबंधारे खात्याच्या कार्यालयात तीनदा जाऊन आले होते. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरलं, तेव्हा काकांच्या त्या तीन खेपांचं सगळ्यांनाच कौतुक वाटलं. नदीबद्दल पुणेकराला हे नेमकं कळतं. नदी सरासरी किती वाहते याला अर्थ नसतो; फुगली तर कुठवर येते, ते बघायचं असतं. निळी रेषा म्हणजे सरासरीने २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. मग तोच माणूस वीस वर्षांच्या बचतीबद्दल एकुलती एक चढती रेघ बघून समाधानी कसा होतो?

माझं म्हणणं सरळ आहे. परताव्याचा कुठलाही आकडा त्याच्या हेलकाव्यांशिवाय, म्हणजे तो किती वर-खाली होऊ शकतो हे न सांगता, लोकांसमोर मांडायला बंदी असावी. मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरपासून सोसायटीच्या हॉलमधल्या पडद्यापर्यंत, जिथे बारा टक्के दिसतील तिथे त्याच आकाराच्या अक्षरांत पूररेषाही दिसली पाहिजे. हे गणित अवघड नाही, नवं नाही, आणि त्याचा उगम ज्या परंपरेत आहे तिचा एक पाय पुण्यातच आहे.

शिवाजीनगरला हवामान खात्याची जी दगडी इमारत आहे, तिला आपण ‘सिमला ऑफिस’ म्हणतो. १९२८ मध्ये खात्याचं मुख्यालय सिमल्याहून इथे आलं, म्हणून ते नाव. पुढे १९४४ ला मुख्यालय दिल्लीला गेलं, नाव मात्र राहिलं. बसचा थांबासुद्धा त्याच नावाचा. या खात्याचे १९०४ ते १९२४ या काळातले प्रमुख गिल्बर्ट वॉकर हे मूळचे गणिती. मान्सूनचा अंदाज बांधण्यासाठी त्यांनी जगभरच्या हवेच्या दाबाचे आणि पावसाचे आकडे एकमेकांशी ताडून पाहिले. निवृत्त होऊन इंग्लंडला गेल्यावर, १९३१ मध्ये, त्यांनी ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट डार्विनच्या हवेच्या दाबावर एक निबंध लिहिला : आजचं मोजमाप कालच्या आणि परवाच्या मोजमापांवर किती अवलंबून असतं? त्याआधी १९२७ मध्ये उडनी यूल यांनी हाच प्रश्न सूर्यावरच्या डागांबाबत विचारला होता. ‘यूल-वॉकर समीकरणं’ आज कालमालिकांच्या, म्हणजे काळानुसार नोंदलेल्या आकड्यांच्या, अभ्यासक्रमात पहिल्या काही तासांतच येतात. शेअर बाजाराचं सगळं अर्थमितीशास्त्र, म्हणजे आर्थिक आकड्यांचं संख्याशास्त्र, याच पायरीवरून वर चढलं.

फरक इतकाच की बाजारात आजचा भाव उद्याच्या भावाची दिशा फारशी सांगत नाही. तो सांगतो हेलकाव्याचा आकार. बेनुआ मँडेलब्रॉट यांनी १९६३ मध्ये कापसाच्या भावांवर लिहिताना ही गोष्ट नोंदवली होती : मोठ्या उलथापालथीनंतर मोठीच उलथापालथ येते, वर किंवा खाली, आणि शांत दिवसांनंतर शांत दिवस. रॉबर्ट एंगल यांनी १९८२ मध्ये तिला समीकरणाचं रूप दिलं, त्याचं नाव ‘आर्च’. आकडे होते ब्रिटनच्या महागाईचे. १९८६ मध्ये टिम बोलर्सलेव यांनी त्याचं अधिक व्यापक रूप, ‘गार्च’, केलं. २००३ चं अर्थशास्त्राचं नोबेल एंगल यांना मिळालं, क्लाइव्ह ग्रेंजर यांच्यासोबत.

यातला सर्वांत साधा प्रकार मी वर्गात फळ्यावर करून दाखवतो. उद्याचा हेलकावा काढायचा तर आजच्या अंदाजाच्या वर्गाला ०.९४ ने गुणा, आज बाजार प्रत्यक्षात जितका हलला त्याच्या वर्गाला ०.०६ ने गुणा, दोन्हींची बेरीज करा आणि वर्गमूळ घ्या. समजा, अंदाज रोज १ टक्का हलण्याचा होता. ४ जून २०२४ ला, लोकसभेच्या निकालादिवशी, निफ्टी ५.९३ टक्के पडला. मग ०.९४ अधिक २.११, म्हणजे ३.०५. वर्गमूळ १.७५. एका दिवसात सूत्राची भीती पाऊणपट वाढली. पुढचे दिवस शांत गेले की ती हळूहळू उतरते. बस, एवढंच. सातवी-आठवीतल्या मुलाला जमेल.

इथे माझे विद्यार्थी हमखास विचारतात, “सर, पण हे तर पडून झाल्यावर कळलं!” बरोबर आहे. ३ जूनच्या रात्री या सूत्राला दुसऱ्या दिवशी मतमोजणी आहे हे ठाऊक नव्हतं. ऑप्शनच्या, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे खरेदी-विक्री करण्याच्या हक्काच्या, भावांना मात्र होतं. त्या भावांवरून काढला जाणारा इंडिया व्हिक्स हा निर्देशांक २३ एप्रिलच्या सुमाराला दहाच्या आसपास होता आणि निकालाआधी विशीच्या वर गेला होता. मागचं बघून चालणारं मोजमाप आणि पुढचं बघून ठरणारा भाव, दोन्ही सोबत ठेवावे लागतात. दोन्ही चुकतात, पण वेगवेगळ्या ठिकाणी.

आता तक्रारीचा मुद्दा. हे ०.९४ मी वर्गासाठी शोधून काढलेलं नाही. जे. पी. मॉर्गनने १९९४ मध्ये आपली जोखीम मोजण्याची पद्धत जाहीर केली, त्यात तो आकडा होता. भारतात निर्देशांकाचे वायदे सुरू करायचे ठरले तेव्हा १९९८ मध्ये प्रा. जयंत वर्मा यांच्या अध्यक्षतेखालच्या गटाने मार्जिन, म्हणजे सौदा करणाऱ्याने आधी भरायची अनामत, ठरवण्यासाठी हीच रीत सुचवली. रोजचा हेलकावा रोज नव्याने मोजा आणि त्याच्या तिप्पट चालीला पुरेल एवढं मार्जिन घ्या. जून २००० मध्ये व्यवहार सुरू झाले ते या पायावर. थोडक्यात, बाजार खवळला की शेअर बाजार स्वतःचं संरक्षण वाढवतो आणि निवळला की सैल करतो. पूररेषा रोज नव्याने आखली जाते. फक्त ती पलीकडच्या काठाला आखली जाते, जिथे बाजाराची यंत्रणा राहते.

अलीकडच्या काठाला, गुंतवणूकदाराला, काय मिळालं? रिस्कोमीटर, म्हणजे म्युच्युअल फंडाची जोखीम दाखवणारा काटा. जानेवारी २०२१ पासून बाजाराची नियामक संस्था सेबीने तो सहा पायऱ्यांचा केला. ‘कमी’पासून ‘अत्यंत जास्त’पर्यंत. हेतू चांगला होता, आणि शेअरच्या जोखमीचे गुण काढताना हेलकावाही त्यात धरला जातो. पण शेवटी होतं काय? शेअरमध्ये गुंतवणूक करणारे फंड जवळजवळ सगळेच्या सगळे ‘अत्यंत जास्त’वर जाऊन बसतात, काटा लाल रंगात अडकतो आणि वर्षानुवर्षं तिथेच असतो. शांत वर्षीही लाल, वादळातही लाल. कात्रजच्या घाटात बारा महिने ‘सावकाश जा’ लिहिलेलं असतं, तसं. कोण वाचतो? जाहिरातीच्या शेवटी तोंडातल्या तोंडात म्हटलं जाणारं ‘बाजारातील जोखमींच्या अधीन’ हे वाक्य तर आता पोरं विनोदासाठी वापरतात.

आयुर्विम्याच्या लाभ-तक्त्यात निदान दोन रकाने असतात, ४ टक्के आणि ८ टक्के. ते दोन आकडे कुठल्याही अभ्यासातून आलेले नाहीत, नियमाने ठरवून दिलेले आहेत, हे खरं. तरीही दोन आकडे शेजारी-शेजारी दिसले की माणसाच्या मनात पाल चुकचुकते. एकच आकडा दिसला की तो वचनासारखा वाटतो.

आणि हा एकच आकडा कुठला असतो? सरासरी परतावा. म्हणजे सगळ्या मोजमापांमधलं सर्वांत कच्चं.

हे जरा थांबून बघण्यासारखं आहे, कारण अर्थमितीशास्त्र शिकलेल्यांनाही ते दरवेळी नव्याने टोचतं. रॉबर्ट मर्टन यांनी १९८० मध्ये दाखवलं की हेलकाव्याचं मोजमाप सुधारायचं असेल तर आकडे अधिक बारीक घ्या. महिन्याचे घेत असाल तर रोजचे घ्या, रोजचे असतील तर दर पाच मिनिटांचे. सरासरी परताव्याला मात्र हा उपाय लागू पडत नाही. तिथे महत्त्व फक्त एकूण किती वर्षं बघितली याला असतं. सुरुवातीचा भाव आणि शेवटचा भाव ठरला की मधले लाखो आकडे सरासरीबद्दल काहीच नवं सांगत नाहीत. वर्षाचा हेलकावा २० टक्के धरला आणि हाताशी २५ वर्षांचा इतिहास असला, तर सरासरीतली प्रमाण त्रुटी, म्हणजे अंदाज साधारण किती चुकू शकतो ते, निघते २० भागिले वर्गमूळ २५, म्हणजे ४ टक्के. नेहमीच्या रिवाजाप्रमाणे त्याच्या दुप्पट, दोन्ही बाजूंना. मग ‘बारा टक्के’ याचा प्रामाणिक अर्थ होतो : चार ते वीसच्या मध्ये कुठेतरी. सेन्सेक्सचा पाया १९७८-७९ चा. तिथपासूनची सगळी वर्षं घेतली तरी ही त्रुटी तीनच्या आसपासच राहते. ती दोनपर्यंत खाली आणायला आणखी पन्नासेक वर्षं लागतील, आणि तोवर देश तोच राहिलेला नसेल.

म्हणजे या व्यवसायाला जे नीट मोजता येतं ते तो लपवतो आणि जे धड मोजता येत नाही ते ठळक छापतो.

काकांच्या डायरीतल्या आकड्याचं काय होतं ते बघू. दरमहा तेच दहा हजार आणि तीच वीस वर्षं. परतावा ८ टक्के निघाला तर हाती सुमारे ५९ लाख. १५ टक्के निघाला तर दीड कोटीच्या थोडं वर. मी चार आणि वीसची टोकंही घेतलेली नाहीत. त्यात परताव्याचे हेलकावे आणि त्यांचा क्रम आलाच नाही. पहिल्या वर्षी ५० टक्के वाढ, दुसऱ्या वर्षी ५० टक्के घट, म्हणजे सरासरी शून्य. पण लाखाचे झालेले असतात ७५ हजार. आणि ती घट निवृत्तीच्या आदल्या वर्षी आली, तर एसआयपीच्या, म्हणजे दरमहाच्या हप्त्यांच्या, एकोणीस वर्षांच्या शिस्तीवर पाणी. शेवटच्या वर्षी हंडा सर्वांत भरलेला असतो, तेव्हाच तो डुचमळणं महाग पडतं.

विरोधातला सर्वांत वजनदार युक्तिवाद मला मान्य आहे, म्हणून तो आधी सांगतो. ही प्रतिमानं, म्हणजे गणिती मॉडेलं, स्वतःच तोंडावर आपटलेली आहेत. त्याच मर्टन यांना मायरन शोल्स यांच्यासोबत १९९७ मध्ये नोबेल मिळालं आणि पुढच्याच वर्षी दोघे जिथे भागीदार होते तो लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट हा फंड बुडाला. ऑगस्ट २००७ मध्ये गोल्डमन सॅक्सच्या वित्तप्रमुखांनी लागोपाठ काही दिवस ‘पंचवीस प्रमाण विचलनां’च्या, म्हणजे नेहमीच्या हेलकाव्याच्या पंचवीसपट, घडामोडी दिसल्याचं सांगितलं होतं. त्यांच्या गणितानुसार विश्वाच्या वयातही अशी घटना एकदा घडायला नको होती. म्हणजे चूक गणितात होती. आपल्याकडे २३ मार्च २०२० ला सकाळी दहा टक्क्यांचं सर्किट लागून व्यवहार ४५ मिनिटं थांबले आणि दिवसअखेर निफ्टी जवळजवळ १३ टक्के खाली गेला. कुठल्या सूत्राने आदल्या दिवशी ते सांगितलं असतं? मग अशी फसवी पूररेषा छापून लोकांना खोटा धीर का द्यायचा?

इथे मी पुन्हा सिमला ऑफिसकडे वळतो. २००२ मध्ये हवामान खात्याने पावसाचा अंदाज दिला होता दीर्घकालीन सरासरीच्या १०१ टक्के. प्रत्यक्षात पडला ८१ टक्के. जुलै तर जवळजवळ निम्मा कोरडा गेला. खात्याची अब्रू चव्हाट्यावर आली. पण चूक मोजता आली, कारण अंदाजासोबत त्रुटी छापलेली होती आणि प्रत्यक्ष आकडाही त्याच खात्याने छापला. १९८८ पासून चालत आलेलं सोळा घटकांचं प्रतिमान त्यानंतर बाजूला ठेवलं गेलं, २००३ पासून दोन टप्प्यांत अंदाज देणं सुरू झालं. आजही एप्रिलमध्ये अंदाज येतो तो कमी-अधिक ५ टक्के त्रुटीसह, आणि सोबत कमी, सामान्य, जास्त पावसाच्या शक्यतांचा तक्ता असतो. शेतकऱ्याला हे झेपतं. तो त्या तक्त्याला शिव्या घालतो आणि तरीही बघून पेरणी ठरवतो. पगारदाराला ते झेपणार नाही, असं कुणी ठरवलं?

‘लोक घाबरून मुदत ठेवीत पैसे ठेवतील’ हा दुसरा आक्षेप मला तितकासा प्रामाणिक वाटत नाही. चांगल्या दिवसांत झाकलेली जोखीम वाईट दिवशी एकदम उघडी पडते आणि माणूस नेमका तळाला विकून बाहेर पडतो. आणि भीती न दाखवल्याने लोक काय करतात तेही आपण बघितलंय. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार तीन आर्थिक वर्षांत वायदे-ऑप्शनमधल्या वैयक्तिक व्यवहारकर्त्यांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर होता. मार्जिनमुळे या काळात यंत्रणा सुखरूप राहिली. माणसं बुडाली.

रुपयाचा विषय थोडा वेगळा आहे, पण या शहरात तो टाळता येत नाही. चाकण-भोसरीतले सुट्या भागांचे निर्यातदार आणि हिंजवडीतल्या कंपन्यांकडे हे सांभाळणारी माणसं असतात. मी बोलतोय ते अमेरिकेला मुलगी पाठवणाऱ्या आई-बापांबद्दल. विनिमय दराचं भाकीत करण्याच्या बाबतीत अर्थमितीशास्त्राने १९८३ मध्येच हात टेकले. रिचर्ड मीस आणि केनेथ रोगॉफ यांनी दाखवलं की मोठमोठी प्रतिमानंसुद्धा ‘उद्याचा दर आजच्याइतकाच’ या भाबड्या अंदाजाला हरवत नाहीत. दिशा सांगता येत नाही, तर उरतं काय? पुन्हा हेलकावाच. पण आपल्याकडे तोही अर्धा झाकलेला असतो. रिझर्व्ह बँक म्हणते की ती कुठलाही दर राखत नाही, फक्त अवाजवी चढउतार आवरते. २०२३ मध्ये डॉलर वर्षभर ८१ ते ८३ च्या पट्ट्यात राहिला, इतका की आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने आपल्या व्यवस्थेला ‘स्थिरावलेली’ असं लेबल लावलं आणि रिझर्व्ह बँकेने त्याला जाहीर हरकत घेतली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तोच डॉलर ८७ च्या पुढे गेलेला होता.

परकीय चलनाच्या साठ्याला मराठीत ‘गंगाजळी’ म्हणतात, आणि हा शब्द इथे चपखल बसतो. धरण असलं की नदीपात्र आठ महिने कोरडं दिसतं. लोक पात्रात गाड्या लावतात, टपऱ्या टाकतात. गार्चला शांत वर्षांचे आकडे घाला, तोही म्हणेल, पात्र कोरडं आहे. मे २०१३ मध्ये डॉलर ५५ च्या आसपास होता, २८ ऑगस्टला ६८ च्या वर. वर्षाची फी ४० हजार डॉलर धरा : २२ लाखांचे झाले २७ लाख २० हजार, एका उन्हाळी सुट्टीत. हेलकावे आवरू नयेत असं मी म्हणत नाही. धरण नको म्हणणारा पुणेकर मी तरी पाहिलेला नाही. पण शैक्षणिक कर्जाच्या कागदावर आजच्या दराने फी लिहून खाली सही घेणं ही शुद्ध फसगत आहे. त्या कागदावर ‘२०१३ सारखं झालं तर फी किती’ अशी एक ओळ हवी.

मागणी लहान आहे. कॅल्क्युलेटरवर एका रेघेऐवजी तीन. मधली रेघ पुसट, कारण तिचीच सर्वांत कमी खात्री. खालची आणि वरची अशा की वीसपैकी एकदा प्रत्यक्ष परतावा खालच्या रेघेच्याही खाली जावा आणि एकदा वरच्याच्याही वर. आणि प्रत्येक फंडाने, प्रत्येक सल्लागाराने दरवर्षी छापावं : आम्ही आखलेल्या खालच्या रेघेच्या खाली किती वेळा गेलो. वीसपैकी एकदा जायला हवं होतं आणि पाचदा गेलं, तर रेघ चुकीची. कधीच गेलं नाही, तरी चुकीचीच. नियमनासाठी नवं खातं नको की नवा कायदा नको. जी सेबी शेअर बाजाराला रोज मार्जिन मोजायला लावते, तिला हे एका परिपत्रकात जमेल.

एक आकडा जाता जाता. २५ वर्षांतून एकदा येणारा पूर म्हणजे ‘आपल्या हयातीत नाही’ असं बहुतेकांना वाटतं. दरवर्षी ४ टक्के शक्यता धरली, तर वीस वर्षांत तो निदान एकदा येण्याची शक्यता निघते ५६ टक्के. काकांच्या गृहकर्जाची मुदतही वीस वर्षांचीच होती आणि एसआयपीची आहे.

कार्यक्रम संपल्यावर मी त्या सल्लागाराला विचारलं, “एवढं बटण दाबलंत, तर खालची रेघही दाखवता येईल का?” तो जरा गोंधळला, मग हसून म्हणाला, “सर, ॲपमध्ये तो पर्यायच नाहीये. मी कंपनीला कळवतो.” नंबर घेतला, संध्याकाळी नमस्काराचा मेसेजही आला. त्याला आता तीन आठवडे झाले. परवा काका लिफ्टमध्ये भेटले. म्हणाले, पहिला हप्ता गेला.